कोरड्या तलावात सूर

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी रेकॉर्ड लावून मला झोप लागली. जेवणात आमरस झाला होता, पंखा तीनवर होता, दुसऱ्या बाजूची दोन गाणी कशीबशी ऐकली असतील. जाग आली ती आईच्या आवाजाने. दारात उभी होती, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात पेपर. "अरे, हा कोण कधीचा नो नो करतोय? नकोय त्याला तर बंद कर की." टर्नटेबल फिरतच होतं. सुई शेवटच्या खाचेत शिरून गोल गोल जात होती आणि दर फेऱ्याला तोच एक शब्द बाहेर पडत होता. बिघाड वगैरे काही नव्हता. इंग्लंडातल्या शेफील्डच्या डेफ लेपर्ड या रॉक बँडच्या 'हाय एन ड्राय' या अल्बमचं शेवटचं गाणं 'नो नो नो'. 1981 च्या मूळ एलपीवर त्याचा शेवट मुद्दामच आतल्या बंद खाचेत कोरलेला आहे. कोणी उठून सुई उचलेपर्यंत तो संपत नाही. किंवा वीज जाईपर्यंत.

मी उठून सुई उचलली. एकदम पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आई तिथेच उभी होती. म्हणाली, "तुझ्या कॉलेजातल्या त्या कॅसेटमध्येपण हेच होतं. मी बाहेर बसून संपायची वाट बघायचे."

आणि चहा टाकायला गेली.

हे वाक्य मला पुढचे कितीतरी दिवस चिकटून राहिलं. सांगलीच्या घरी सुट्टीत आलो की मी आतल्या खोलीचं दार लावून ती कॅसेट ऐकायचो. बाहेर कोणी ऐकत असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. दार लावलं की जग बाहेर, अशी माझी समजूत. दार फळ्यांचं होतं आणि फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी होत्या, हे सोयीस्कर विसरलो होतो. आईने त्या संगीताबद्दल तेव्हा एक अक्षर काढलं नाही. 'बारीक कर' एवढंही नाही. बाहेर गहू निवडत, कुठल्यातरी इंग्लिश माणसाचं नको-नको संपायची वाट बघत बसली असणार. आणि वाट बघायलाही ते सरळ संपत नव्हतंच.

कॅसेटची गोष्ट अशी. 1989 साल, पुण्यातलं होस्टेल, आम्ही मेटलर्जीला. रूममेटचा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत होता. त्याने कुठल्याशा बंदरावरून एलपी आणली होती आणि त्यावरून साठ मिनिटांच्या कॅसेटवर आम्हाला भरून दिली. लेबलवर निळ्या बॉलपेनने नुसतं 'डी. लेपर्ड – जुनं' असं लिहिलेलं. अल्बमची प्रत्येक बाजू वीस-एकवीस मिनिटांची, कॅसेटची तीस. भरताना तो गृहस्थ रेकॉर्डचं बटण दाबून बहुधा चहाला गेला. त्यामुळे दुसऱ्या बाजूला गाणी संपल्यावर उरलेली साडेआठ मिनिटं नुसतं 'नो' भरलं गेलं. मिनिटाला 33⅓ फेरे, म्हणजे 280 च्या वर वेळा. आम्हाला बंद खाच वगैरे प्रकार ठाऊक नव्हता. आम्हाला वाटलं गाणंच तसं आहे. त्यावर होस्टेलच्या गच्चीत काय काय सिद्धांत मांडले गेले ते आता आठवलं तरी कान गरम होतात. एकाचं म्हणणं, हा व्यवस्थेला दिलेला नकार आहे. दुसरा म्हणे, चौथ्या मिनिटापासून आवाज बदलत जातो, नीट ऐका. आम्ही नीट ऐकायचो. खरंच बदलल्यासारखा वाटायचा.

आणि तरीही, आमच्या लेखी हा त्यांचा कच्चा अल्बम होता. खरा अल्बम म्हणजे 'हिस्टेरिया'. तो 1987 चा. आमच्याकडे त्याची झगझगीत छापील कव्हरवाली कॅसेट होती आणि तिला हात लावायच्या आधी हात धुवायची पद्धत होती. त्यातले कोरसचे आवाज एकावर एक इतके रचलेले की पाच माणसं गातायत की पन्नास ते कळू नये. गिटार कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होतं ते कळू नये. ढोलाचा प्रत्येक ठोका जणू वेगवेगळ्या डबीत पॅक केलेला. त्याच्यापुढे 'डी. लेपर्ड – जुनं' म्हणजे गॅरेजमधली धडपड. ज्युनिअर मुलं विचारायची, हे कसं आहे? मी ऐटीत सांगायचो, "ठीक आहे. अजून जमायचं होतं त्यांना."

हे 'अजून जमायचं होतं' मी पुढे पंचवीस वर्षं म्हणत आलो. जगही तेच म्हणतं. या बँडवर कुठेही काही वाचा, 'हाय एन ड्राय' एका परिच्छेदात येऊन जातो, स्टेशन न घेणाऱ्या एक्स्प्रेससारखा: पहिला अल्बम 1980 चा, मग हा, मग 1983 चा 'पायरोमेनिया' आणि मग खजिना. अमेरिकेच्या अल्बम-यादीत हा 38 व्या क्रमांकापर्यंत पोचला, यादीच्या भाषेत बरा. पायरीसारखा त्याचा उल्लेख होतो. पायरीवर कोणी बसत नाही.

मध्यंतरी कॅसेट गेली, टू-इन-वन गेला, सीडी आल्या, मग सगळंच फोनमध्ये आलं. फोनवर पहिल्यांदा 'नो नो नो' ऐकलं तेव्हा ते तीन-सव्वातीन मिनिटांत संपलं आणि पुढे कोणाचं तरी दुसरंच काहीतरी वाजायला लागलं. मी रस्त्यात थांबलो. फसवल्यासारखं वाटलं, कोणी फसवलं ते सांगता येईना. साडेआठ मिनिटं कुठे गेली?

ती सापडली शेफील्डमध्ये. 2014 साली कामानिमित्त दहा दिवस तिथे होतो. पोलाद हा आमचा धंदा, आणि पोलादवाल्याला शेफील्ड म्हणजे जवळजवळ पंढरी. आमच्या आजोबांचा वस्तरा होता, त्याच्या पात्याच्या दांड्याजवळ बारीक अक्षरांत शेफील्ड कोरलेलं होतं. वाचायला शिकलो तेव्हा त्यावरची रोमन अक्षरं मी एकेक करून लावली होती, वस्तऱ्याला हात लावल्याबद्दल मार खाण्याच्या आधी. गंज न लागणारं पोलाद हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये याच गावात शोधलं. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात 12,000 अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन अजून चालवून दाखवतात. ते फिरायला लागलं की थरकाप आधी बुटांच्या तळव्यातून वर येतो, आवाज नंतर. पण बाहेर पडलं की जुन्या गिरण्यांच्या जागी कॅफे आणि फ्लॅट. मुंबईत परळला हिंडताना येते तशीच एक चुटपुट तिथेही आली. आपलं काही गेलेलं नसतं, तरी येते.

एका संध्याकाळी लॉक्सलीला जायचं ठरवलं होतं. तिथल्या वाइजवुडच्या दफनभूमीत स्टीव्ह क्लार्कची कबर आहे, या बँडचा गिटारवाला. 8 जानेवारी 1991 ला गेला, तिशीतच, दारू आणि औषधं एकत्र झाली. आम्हाला होस्टेलवर बातमी कळायला महिना उलटला होता. त्या रात्री आम्ही 'हिस्टेरिया' लावला होता, अर्थातच. तर तिकडे निघालो आणि पाऊस लागला, माझी बस डोळ्यांदेखत गेली. आडोशाला ज्या दुकानाच्या दारात उभा राहिलो ते जुन्या रेकॉर्डचं निघालं. 'डी' च्या खोक्यात ती एलपी होती, 11 पौंडांना. कव्हर हिपनॉसिसवाल्यांचं, रेकॉर्डची कव्हरं करणारी ही मंडळी: पोहायचा तलाव, त्यात पाण्याचा थेंब नाही, आणि एक माणूस वरून सूर मारतोय. होस्टेलच्या कॅसेटला कव्हरच नव्हतं, त्यामुळे हे चित्र मी पहिल्यांदाच बघत होतो. दुकानदाराने रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरली, आतल्या वर्तुळाकडे बोट दाखवलं आणि बोट गोल गोल फिरवलं. मी मान हलवली. त्याला वाटलं मला समजलं. मला घरी येऊन सुई ठेवल्यावर समजलं.

साडेआठ मिनिटं कुठेही गेली नव्हती. उलट आता त्यांना अंत नव्हता.

बस चुकण्यावरून आठवलं. हा बँड उभा राहिला तोही बस चुकल्याने, असं त्यांचं स्वतःचंच सांगणं आहे. 1977 मध्ये पुढे गायक झालेल्या जो एलियटची बस चुकली, तो चालत निघाला आणि वाटेत त्याला गिटारवाला पीट विलिस भेटला. विलिस आणि रिक सॅव्हेज यांचा शाळकरी बँड आधीच होता. चमच्यांच्या एका जुन्या कारखान्यात खोली घेऊन ही पोरं तालीम करायची. क्लार्क तेव्हा लेथवर काम करत होता. ढोल वाजवणारा रिक अ‍ॅलन आला तेव्हा पंधरा वर्षांचा. 'हाय एन ड्राय' बाहेर आला तेव्हाही सतराच. ही वयं नुसती वाचली तर कौतुक वाटतं, पण रेकॉर्डवर ती ऐकू येतात, ते महत्त्वाचं. 'लेट इट गो' सुरू होतं तेव्हा ढोलाला थांबवत नाही. सायकलवरून उतारावर हात सोडलेल्या पोरासारखा तो पुढे जातो आणि बाकीचे चौघं त्याला गाठत राहतात.

त्यांना गाठून ठेवणारा एक माणूस काचेपलीकडे होता: अल्बमचा निर्माता रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे मट म्हणतात. एसी/डीसी या बँडचे 'हायवे टू हेल' आणि 'बॅक इन ब्लॅक' हे अल्बम करून तो इकडे आलेला. या पोरांना आदल्याच वर्षी रेडिंगच्या महोत्सवात प्रेक्षकांनी डबे-बाटल्या मारल्या होत्या, अमेरिकेच्या मागे लागले म्हणून. (किती मारल्या यावर पुढे मतभेद झाले, अशा गोष्टी सांगताना फुगतातच.) लंडनच्या बॅटरी स्टुडिओत लँगने त्यांची गाणी सुटी केली, नको ते भाग फेकून दिले, आणि पुन्हा बसवली. एखाद्या जुन्या नाटकमंडळीच्या तालीममास्तरासारखा. याच माणसाने पुढे 'पायरोमेनिया' आणि 'हिस्टेरिया' केले, जिथे तो मास्तर राहिला नाही, शिल्पकार झाला आणि पोरं दगड झाली. 'हाय एन ड्राय'मध्ये मात्र मास्तर आहे आणि पोरंही आहेत. माझ्या मते हा तोल त्यांना पुन्हा साधला नाही.

आता हे मी तालमीच्या भाषेत सांगितलं. आमच्या धंद्याच्या भाषेत जास्त नीट सांगता येईल. पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल तर आधी तो घासतात. खरबरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग फिरत्या कापडावर पॉलिश, इतकं की त्यात आपलं तोंड दिसावं. नवा विद्यार्थी तो आरसा घेऊन खुशीत सूक्ष्मदर्शकाकडे पळतो, आणि आत बघतो तर पांढरं. कोरं. काहीच नाही. कारण पॉलिशने सगळंच सपाट झालेलं असतं. मग त्यावर नायटल लावायचं, म्हणजे अल्कोहोलात दोनेक टक्के नायट्रिक आम्ल. काही सेकंद. आरसा धुरकट होतो, विद्यार्थ्याचं तोंड उतरतं. पण आता खाली ठेवलं की दाणे दिसतात, दाण्यांच्या सीमा दिसतात, कुठल्या भट्टीतून कसं थंड होत आलं ते सगळं दिसतं. हे मी स्वतः शेकडो वेळा केलं, पोरांकडून करून घेतलं, आणि तेच हात धुऊन संध्याकाळी 'हिस्टेरिया' किती चकचकीत आहे म्हणून खूश होत राहिलो. एकदाही डोक्यात ठिणगी पडली नाही.

दाणे कुठे दिसतात म्हणाल, तर पहिल्या बाजूचा शेवट ऐका. 'ब्रिंगिन ऑन द हार्टब्रेक' हे हळू सुरू होणारं गाणं. गिटारची एकेक तार वेगळी छेडलेली, एलियटचा आवाज वर जाताना घोगरा होतो आणि जिथे पोचायचं तिथे तो फक्त जेमतेम पोचतो. पुढच्या अल्बममध्ये असा आवाज पुन्हा पुन्हा घेऊन, थर चढवून, गुळगुळीत केला असता. इथे तो टाचा उंचावून उभा आहे आणि आपल्याला टाचा दिसतायत. गाणं संपतं असं वाटतं आणि न थांबता क्लार्कने बांधलेला वाद्यतुकडा सुरू होतो, 'स्विच 625'. शब्द नाहीत, तीनच मिनिटं. खाली एक जड गत फिरत राहते, लेथवर जॉब फिरावा तशी, आणि वर दुसरी गिटार रडते. कान देऊन ऐकलं तर डाव्या-उजव्या बाजूच्या दोन गिटारांचे स्वभाव वेगळे कळतात. एक नेमकी, मोजून पाऊल टाकणारी. दुसरी जरा मागे रेंगाळणारी, खांदे पाडून चालणारी. ही दोन माणसं आहेत. पुढच्या अल्बमांत किती माणसं आहेत ते मला आजही सांगता येत नाही.

सगळंच सोनं आहे असं म्हणणार नाही. दुसरी बाजू पहिलीइतकी ताकदीची नाही. 'यू गॉट मी रनिन' आलं की मी पाणी प्यायला उठतो, आणि त्या रविवारी ते झाल्यावर 'लेडी स्ट्रेंज'पर्यंतही जेमतेम टिकलो, हे वर कबूल केलंच आहे. 'मिरर, मिरर' मात्र दरवेळी थोडं जास्त आवडतं. शब्दांबद्दल तर बोलायलाच नको. शनिवारची रात्र, पोरी, दारू. शीर्षकगीतावर 1985 मध्ये अमेरिकेत मोठ्या घरच्या बायकांनी चक्क आक्षेप घेतला होता, दारू-नशेच्या यादीत घालून. मला ते गाणं ऐकून गणपतीच्या मिरवणुकीतल्या शेवटच्या ट्रकमागे नाचणारी पोरं आठवतात. वाईट नसतात, फक्त सकाळी त्यांना उठवत नाही. आणि एक गंमत: 'ऑन थ्रू द नाइट' हे पहिल्या अल्बमचं नाव, गाणं मात्र या दुसऱ्या अल्बमवर. उशिरा आलेला पाहुणा म्हणून मला ते उगाचच आवडतं.

पण खरी खुपणारी गोष्ट 1984 ची. 'पायरोमेनिया' तुफान खपल्यावर हा अल्बम पुन्हा काढला गेला, आणि 'हार्टब्रेक'ला कीबोर्ड वगैरे चढवून नवं रूप दिलं. रंग लावलेला जुना वाडा. त्याबरोबर नवा व्हिडिओही काढला. मधल्या काळात, जुलै 1982 मध्ये, पीट विलिसला पिण्यापायी काढून टाकलं होतं आणि त्याच्या जागी फिल कॉलिन आला होता. तर नव्या व्हिडिओत दिसतो कॉलिन, आणि ऐकू येते विलिसची गिटार. प्लेबॅकवर वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. तरी मला वाटतं. जुना व्हिडिओ 1981 चा, लिव्हरपूलच्या रॉयल कोर्ट थिएटरात चित्रित केलेला. त्यात विलिस आहे, बुटका, गिटार जवळजवळ त्याच्याहून मोठी. एमटीव्ही नुकताच सुरू झाला होता, दाखवायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं म्हणून हे सारखं दाखवायचे, आणि त्यातूनच बँडचं नशीब फिरलं. ज्याच्या वाजवण्यावर फिरलं त्यातला एक जण फळ यायच्या आधी बाहेर. 2019 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडला घेतलं तेव्हा विलिसचंही नाव होतं. तो आला नाही.

त्याचा नकार मी समजू शकतो असं म्हणायचा मोह होतो. पण मी कोण. मीही त्याला पंचवीस वर्षं 'अजून जमायचं होतं' मध्येच मोजलं होतं.

आईचं ते वाक्य मला इतकं का लागलं, याचं मी बरंच खोदकाम केलं. एक म्हणजे तिने ऐकलं होतं, शेवटपर्यंत. होस्टेलच्या गच्चीत सिद्धांत मांडणाऱ्या आमच्यापैकी एकालाही ती साडेआठ मिनिटं पूर्ण ऐकल्याची शपथ घेता आली नसती. आम्ही दोन-तीन मिनिटांत गप्पांना लागायचो. ती मात्र गहू निवडत होती, तिला उठून कुठे जायचं नव्हतं, आणि कॅसेटचं बटण आपोआप खट्कन वर येईपर्यंत तिच्या कानावर ते पडत होतं. या अल्बमचा आमच्या घरातला पहिला खरा श्रोता तीच, असं म्हटलं तर ती मला वेड्यात काढेल. म्हणून म्हटलं नाही.

या रविवारी मुद्दाम तिच्या समोर लावली. बाहेरच्या खोलीत, दार वगैरे न लावता. पहिल्या बाजूला ती काहीच बोलली नाही, 'स्विच 625' चालू असताना एकदा मान वर करून म्हणाली, "हा रडवा बरा वाजवतो." रेकॉर्ड उलटली. ती परातीत मेथी घेऊन बसली होती, दोन जुड्या, एक सोडलेली आणि एक अजून दोऱ्याने बांधलेली. यावेळी मी जागा राहिलो. शेवटचं गाणं आलं, धावत सुटलं, खाचेत शिरलं. नो. नो. नो. सात-आठ फेरे झाल्यावर मी उठलो आणि सुईकडे हात नेला.

"असू दे रे," ती खाली बघतच म्हणाली. "एवढी जुडी होऊ दे."

मग दुसऱ्या जुडीचा दोरा सोडला.